एअर पिस्तुलाची नळी: घरी कोल्ड ब्लूइंग करताना लाल डाग आणि ओघळ

निळी_नळी (जुळे सोलापूर)

वस्तू: स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची .१७७ एअर पिस्तूल. नळी साध्या कार्बन स्टीलची, लांबी १८ सेंमीच्या आसपास, बाहेरचा व्यास १४ मिमी. मूळचं ब्लूइंग (लोखंडावरचा निळा-काळा थर) तोंडाकडून घामाने उडालेलं, दोन जागी गंजाचे ठिपके.

औषध: सेलेनियमवालं कोल्ड ब्लू, ९० मिलीची बाटली.

कृती: ४०० चा पॉलिश पेपर, मग रंगाच्या दुकानातल्या थिनरने पुसणं, मग कापसाने एक हात.

निकाल: अर्धी नळी काळपट, अर्धी तांब्याच्या भांड्यासारखी लाल, खालच्या बाजूला दोन ओघळ. लाल भाग अंगठ्याने चोळला तर निघून येतो. काळा भाग येत नाही, पण करडा वाटतो. वरून दुसरा हात मारायचा की सगळं उतरवायचं?

---

प्लेटिंग_अण्णा (अक्कलकोट रोड)

उतरवा. लालवर काळं बसत नाही, बसलं तरी चार दिवसांत पापुद्र्यासारखं निघतं.

लाल म्हणजे निव्वळ तांबं. बाटलीत मुख्य मंडळी तीन: सेलेनियस आम्ल, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि पृष्ठभाग खाणारं एखादं आम्ल, नायट्रिक नाहीतर फॉस्फोरिक. लोखंड स्वतः थोडं विरघळतं आणि त्याच्या बदल्यात द्रावणातलं तांबं आणि सेलेनियम एकत्र खाली बसतं. त्यातून कॉपर सेलेनाइड होतं, तो तुमचा काळा रंग. लोखंड उघडं असेल तर दोन्ही जोडीनं बसतात. वर तेलाचा पुसट थर असेल तर क्रिया अडखळत होते आणि तांबं एकटंच सैल बसतं. म्हणून लाल, आणि म्हणून बोटाला येतं.

म्हणजे दोष औषधात नाही, थिनरमध्ये आहे. रंगाच्या दुकानात सुटा मिळणारा थिनर बऱ्याचदा पुन्हा गाळलेला असतो. काचेवर चार थेंब टाकून वाळू द्या. कडेला पुसट तेलकट गोल उरला, तर तोच गोल तुमच्या नळीवरही आहे.

आणखी एक. याला ब्लूइंग म्हणतात खरं, पण कारखान्यातल्या ब्लूइंगशी याचं नातं फक्त रंगाचं. कारखान्यात कॉस्टिक आणि नायट्रेटच्या १४० अंशांच्या आसपासच्या उकळत्या द्रावणात लोखंडाचाच काळा ऑक्साइड बनवतात. इथं दुसऱ्याच धातूच्या संयुगाचा थर वर बसतो, तोही कागदाहून कितीतरी पातळ. त्यामुळे अपेक्षा बेतानं ठेवा.

---

दुपारचं_ऊन (पंढरपूर रोड)

मोरचूदच लागतं तर बाटलीला एवढे पैसे कशाला घालायचे? द्राक्षवाल्यांकडे बोर्डोच्या फवारणीसाठी पोतं पडलेलं असतं की. पाण्यात कालवायचं, थोडं ॲसिड टाकायचं.

---

प्लेटिंग_अण्णा

टाका. दोन मिनिटांत नळी लालभडक होईल. मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवल्यावर जे होतं तेच. शाळेतला प्रयोग आहे तो. काळेपणा सेलेनियमचा, मोरचुदाचा नाही. आणि सेलेनियमचं संयुग सुटं आणून घरी मोजत बसायची गोष्ट नाही. ते विष आहे, खाली त्यावर वेगळं लिहितो.

---

धागा_राखणदार

चर्चा रंगायच्या आधी एक सूचना. हा धागा विनापरवाना चालणाऱ्या एअर पिस्तुलापुरता आहे, म्हणजे .१७७ बोर आणि २० जूलच्या आतली ताकद. परवान्याच्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचं काम असेल तर ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्या. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो, आणि कलम ८ नुसार बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. पॉलिश पेपरने नंबर झिजला हे कारण कुणी ऐकून घेत नाही. एअर पिस्तुलावरही नंबराभोवती चिकटपट्टी लावून पेपर फिरवा, ती सवय चांगली.

---

चिंचोली_लेथ (चिंचोली एमआयडीसी)

निळी_नळी, पहिल्यापासून सांगतो, कारण तुमची निम्मी चूक थिनरच्या आधी झालीय. जुनं ब्लूइंग पूर्ण न काढता नवं मारलंत. उघडं लोखंड आणि जुना ऑक्साइड शेजारी शेजारी असले की औषध दोघांवर वेगळं चालतं.

नळी वेगळी करताना फक्त सांध्याचा मोठा स्क्रू आणि जोडदांडीची पिन काढा. मागच्या सिलिंडरच्या पिनांना हात लावू नका. आत स्प्रिंग दाबलेली असते, शिकंज्याशिवाय पिन सुटली की मागचा भाग गोळीसारखा येतो. ब्रीचच्या (नळीचं छर्रा भरायचं मागचं टोक) तोंडाशी रबराची किंवा चामड्याची सील असते, ती काढून कागदात गुंडाळून ठेवा. रबराची ॲसिटोनने फुगते, फुगली की पुन्हा खोबणीत बसत नाही. पुढची माशी (नेम धरायची खूण) प्लॅस्टिकची असेल तर काढाच. पितळी असेल तरी काढा, नाहीतर तीही काळी पडेल.

जुना रंग उतरवायला किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर पुरतं. नळी बुडवायची नाही. टिश्यू पेपरच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवून नळीभोवती गुंडाळा, वरून प्लॅस्टिकची पिशवी. १५ ते २० मिनिटांत जुनं निळं सैल होतं, घासलं की करडं लोखंड दिसतं. तुमचं लाल तांबं मात्र व्हिनेगरला दाद देणार नाही, ते ४०० च्या पेपरने घासूनच काढा. व्हिनेगरनंतर लगेच पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, एका लिटरला एक मोठा चमचा, आणि लगेच कोरडं करा. पाच मिनिटं ओली राहिली तर पिवळसर गंज धरते.

संडास साफ करायचं ॲसिड कुणी सुचवलं तर ऐकू नका. ते मिठाचं आम्ल, लोखंडात खड्डे पाडतं. झाकण उघडं राहिलं तर त्याच्या वाफेने खोलीतले पाने-कानशीसुद्धा लाल होतात.

नळीची दोन्ही तोंडं बंद करणं सगळ्यात महत्त्वाचं. आतल्या चऱ्यांत आम्ल गेलं तर बाहेरून नळी कितीही देखणी होवो, आतून गंजणार आणि छर्रा घासत जाणार. बांबूची सळई घ्या, शेवटाला प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळा, घट्ट बसेल इतकी जाड, आणि पिळत आत घाला. दोन्हीकडून सळई बाहेर राहिली की धरायला मूठही मिळते, पुढे नळीला बोट लावावं लागत नाही. बंद करण्याआधी आतून कोरडा कापूस फिरवून तेल काढून टाका. आत तेल राहिलं तर ते ऐन वेळी टेपखालून पाझरतं आणि तोंडाजवळ दोन सेंमीचा पट्टा रंग घेत नाही.

---

कानसवाला

पेपरचं मी सांगतो.

गंजाचे ठिपके असतील तर २२० पासून सुरू करा. फक्त ठिपक्यावर घासू नका, तिथं खळगा पडतो आणि काळ्या रंगावर उजेड पडला की तो खळगा ओरडून दिसतो. पूर्ण लांबीवर हात फिरवायचा. २२०, मग ३२०, मग ४००. दर पेपरला दिशा बदला: एक आडवा, पुढचा उभा. आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्या की मगच पुढचा घ्या. शेवटचा हात नळीच्या लांबीच्या दिशेनेच. आडव्या रेघा ब्लूइंगखाली झाकत नाहीत, उलट उठून दिसतात.

६०० च्या पुढे जाऊ नका. आरशासारखी चकाकी आणली की कोल्ड ब्लू नीट धरत नाही, फिकट आणि ढगाळ बसतो. ४०० वर थांबलात तर रंग गडद येतो, किंचित मॅट दिसतो, आणि तेलही जास्त धरून ठेवतो.

स्क्रूच्या भोकाजवळ पेपर बोटाने दाबू नका, कड गोल होते. सपाट कानशीला पेपर गुंडाळून चालवा. नळीच्या तोंडाची कड, जिथून छर्रा सुटतो, तिला पेपर अजिबात लावू नका. तिथे केसभर असमान घासलं तरी नेम बिघडतो.

---

निळी_नळी

समजलं. तेल काढायला मग ॲसिटोन का? आणि शेवट साबणाने करायचा की ॲसिटोनने, यावर दोन मतं वाचली.

---

प्लेटिंग_अण्णा

आमच्या धंद्यात याच्यावरून भांडणं होतात.

भांड्यांचा लिक्विड साबण आणि गरम पाणी हे बारीक धूळ, मीठ, घाम, बफच्या साबणातलं मेण काढतं. ॲसिटोन तेल काढतं पण मीठ काढत नाही. म्हणजे दोन्ही लागतात. आधी साबण, खळखळून धुणं, कोरडं करणं, मग ॲसिटोन दोनदा. प्रत्येक वेळी नवा बोळा, जुना उलटून वापरायचा नाही. तोच बोळा फिरवला तर तेल निघत नाही, फक्त सगळीकडे सारखं पसरतं.

नेलपॉलिश काढायचं द्रव ॲसिटोनच्या जागी चालत नाही, त्यात नखं कोरडी पडू नयेत म्हणून तेलकट पदार्थ घातलेले असतात. केमिकलच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन घ्या, १०० मिली रग्गड होतं. गॅस, उदबत्ती, देवाजवळचा दिवा, काहीही जवळ पेटलेलं नको.

झालं का हे डोळ्याने कळत नाही, पाण्याने कळतं. नळी तिरकी धरून वरून डिस्टिल्ड पाणी सोडा. पाणी अखंड पडद्यासारखं सरकलं तर नळी स्वच्छ. कुठे थेंब जमले, पडदा फाटला, तर तिथे तेल आहे. पुन्हा साबणापासून. ही परीक्षा पास झाल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका.

---

कानसवाला

अण्णा, शेवट ॲसिटोनने करण्याला माझा विरोध आहे. ॲसिटोन उडून जाताना धातू गार पडतो, दमट हवेत त्यावर वाफ जमते आणि तिथेच पुसट गंज धरतो. शेवट गरम साबणाच्या पाण्याने आणि उकळत्या डिस्टिल्ड पाण्याने केला तर नळी स्वतःच्या उष्णतेने वाळते, वर औषधासाठी कोमटही राहते.

---

प्लेटिंग_अण्णा

सप्टेंबरात तुमचं बरोबर. मार्च-एप्रिलच्या सोलापुरी हवेत वाफ जमायला ओल आहे कुठे? पाण्याचा पडदा फुटला नाही म्हणजे झालं, शेवट कशानेही करा.

---

चिंचोली_लेथ

चिंधीवरून एक सांगायचं राहिलं. सोलापुरात कुणीही सहज कारखान्यातला टेरी टॉवेलचा तुकडा घेतो. नवा टॉवेल मऊ लागावा म्हणून त्याला सिलिकॉनचा सॉफ्टनर दिलेला असतो. धुतलेल्या नळीवर तो फिरवला की सिलिकॉन नळीवर, आणि सिलिकॉन ॲसिटोनलाही हट्टाने चिकटून राहतं. कोरी चादर-पट्टी असेल तर तिच्यात खळ असते. सूतगिरणीतला कॉटन वेस्ट तर मशीनच्या तेलाने माखलेला. पाच-सहा वेळा धुऊन विरलेलं सुती धोतर किंवा बनियन सगळ्यात चांगलं, धुताना कम्फर्टसारखं काही न घातलेलं. नाहीतर सरळ मेडिकलमधला शोषक कापूस.

हातमोजे नायट्राइलचे, बिनपावडरचे. पावडरवाल्यांचे पांढरे ठिपके रंगाखाली राहतात. ॲसिटोनने ते मोजे फुगतात, म्हणून धुण्याची जोडी वेगळी आणि औषधाची वेगळी.

---

दुपारचं_ऊन

डिस्टिल्ड पाणी कुठून आणायचं? नळाचं गाळून चालणार नाही का?

---

कानसवाला

पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं, पाच लिटरचा कॅन. दुकानात नीट सांगा, बॅटरीचं पाणी पाहिजे म्हणून. बॅटरीचं ॲसिड वेगळ्या कॅनमध्ये असतं, ते गंधकाचं तेजाब. रंग दोघांचा सारखाच, पाण्यासारखा.

गाळून क्षार जात नाहीत. इथल्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरी पुटं चढतात, तीच पुटं वाळताना नळीवर ठिपके म्हणून राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, उघड्या लोखंडाला ते लगेच चावतं. साबण धुवायला नळाचं चालेल, शेवटचं खळखळणं डिस्टिल्डने. औषधानंतरचं धुणं पूर्ण डिस्टिल्डचं. एका नळीला तीन लिटर पुरे.

---

चिंचोली_लेथ

आता औषध.

नळी कोमट हवी, ४० अंशांच्या आसपास, हातात धरवेल इतपत. केस वाळवायच्या यंत्राने दोन मिनिटं. थंड नळीवर क्रिया मंद, रंग करडा. जास्त गरम नळीवर औषध टेकलं की वाळतं, आणि वाळलेल्या कडेवर पुढचा हात आला की तिथे कायमची रेघ. तुमचे ओघळ त्यातले वाटतात, नाहीतर कापूस जास्त भिजवलात.

बाटलीत कापूस बुडवू नका. प्लॅस्टिकच्या झाकणात ४-५ मिली ओता. धातूची वाटी नको, औषध वाटीलाच लागेल. कापसाचा बोळा भिजवून हलका पिळा, टपकणार नाही इतका. ब्रीचकडून सुरू करून तोंडापर्यंत एका दमात, मग नळी फिरवत पुढचा पट्टा, आधीच्यावर थोडा चढवून. सगळी नळी १० ते १५ सेकंदांत ओली झाली पाहिजे. मग ३० ते ६० सेकंद ओली ठेवायची. थांबायचं नाही, बोळा फिरताच राहू द्या. जिथे बोळा थांबतो तिथे डाग उमटतो.

मिनिटानंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवा, कोरडी करा, यंत्राने वाळवा. आता नळीवर काजळीसारखा सैल थर दिसेल. तो चार शून्यांच्या (००००, सगळ्यात बारीक) स्टील वूलने हलक्या हाताने उतरवायचा, जोर बोटांच्या वजनाएवढाच. स्टील वूल कारखान्यातून गंजू नये म्हणून तेल लावून येतं, वापरण्याआधी ॲसिटोनमध्ये बुडवून पिळा आणि वाळू द्या. हे कुणी करत नाही आणि मग दुसरा हात पहिल्यापेक्षा वाईट का आला म्हणून विचारतात. भांड्यांची तारेची घासणी चालत नाही, ती ओरखडे पाडते.

पहिल्या हाताला रंग करडा-तपकिरी येतो, घाबरू नका. दुसऱ्याला काळपट, तिसऱ्या-चौथ्याला निळसर काळा. पाचाच्या पुढे फायदा नाही, थर जाड होऊन सैल होत जातो. शेवटच्या हातानंतर स्टील वूल नाही, फक्त कापूस.

---

निळी_नळी

काही ठिकाणी लिहितात की हातांच्या मधे धुऊ नका, सरळ पुन्हा मारा.

---

चिंचोली_लेथ

काही द्रावणं तशी बनवलेली असतात, बाटलीवर तसं लिहिलेलं असेल तर तसंच करा. फॉस्फोरिकवाल्यांपैकी काही तर थोडं तेल राहिलं तरी सहन करतात. सेलेनियम-नायट्रिकवाल्यात न धुता दुसरा हात मारला की पहिल्याची सैल काजळी बोळ्याला येते आणि पुढे ओढली जाते. पट्टे पडतात.

---

प्लेटिंग_अण्णा

शेवटचं धुणं झालं की क्रिया थांबवा, नाहीतर आम्ल आत काम करत राहतं. खायचा सोडा, लिटरला एक मोठा चमचा, दोन मिनिटं. मग उकळतं डिस्टिल्ड पाणी वरून, नळी स्वतः वाळते. कोमट असतानाच तेल, अगदी माखून. शिलाई मशीनचं तेलही चालतं. रात्रभर, जमलं तर २४ तास तसंच ठेवा. तेलाखाली रंग थोडा गडद होतो आणि निळसर छटा वर येते. दुसऱ्या दिवशी पुसून पातळ थर ठेवा.

बांबूच्या सळया काढल्यावर आतून कोरडा कापूस, मग तेलाचा बोळा एकदा. सील बसवताना तिच्यावर पेट्रोलियमचं तेल नको, सिलिकॉनचं. आणि सिलिंडरमध्ये तेल सोडू नका. दाबाने ते पेटतं, स्प्रिंग आणि सील दोन्हीला मार बसतो.

---

दुपारचं_ऊन

मे महिन्यात गच्चीवर ठेवली तर नळी आपोआप तापेल ना, यंत्र कशाला?

---

कानसवाला

मेच्या दुपारी गच्चीवरची नळी हातात धरता येत नाही मालक. ४० नाही, त्याच्या कितीतरी पुढे जाते. औषध लावता लावता वाळणार, वरून धूळ. सकाळी सातच्या आत, सावलीत, वारा असलेल्या ठिकाणी. बाटलीही उन्हात नको.

---

चिंचोली_लेथ

आता कशावर बसत नाही ते. चुंबक लावून बघा आधी. एअर पिस्तुलाची चौकट बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची किंवा ॲल्युमिनियमची ओतीव असते, चुंबक चिकटत नाही. तिच्यावर हे औषध लावलं तर डाग पडतील, रंग नाही. ॲल्युमिनियमचं वेगळं येतं. चुंबक चिकटला तरी क्रोम किंवा निकेलचा मुलामा असेल तर बसणार नाही. स्टेनलेसही नाही, त्यातलं क्रोमियम आडवं येतं. कडक केलेल्या भागांवर, म्हणजे ट्रिगर, खटका, पिना, उशिरा आणि फिकट बसतं, तिथे जास्त हात लागतात. ब्रीचच्या आतल्या बाजूला, दिसत नाही अशा जागी, एक थेंब टाकून मिनिटभर बघा. काळं झालं तर पुढे चला.

---

प्लेटिंग_अण्णा

आता विषाचं, मघाशी सांगतो म्हणालो होतो.

सेलेनियस आम्ल पोटात गेलं तर थोडक्यातही जीव जातो. त्वचेतून आणि वाफेतूनही अंगात जातं. स्वयंपाकघरात नको, जेवायच्या ताटल्या-वाट्या नकोत, बंद बाथरूम नको. मोजे, डोळ्यांना गॉगल, दार-खिडकी उघडी. काम चालू असताना तंबाखू मळायची नाही, विडी नाही. वारंवार अंगात गेलं की श्वासाला लसणासारखा वास येतो, तोंडात धातूची चव राहते. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली. पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, बाटली सोबत घेऊन थेट सिव्हिलला.

आणि कृपा करून हे पाणी मोरीत ओतू नका. पहिल्या धुण्याचं पाणी एका डब्यात धरा, झाकणातलं उरलेलं औषधही त्यातच, आणि सांडपाणी प्रक्रिया असलेल्या प्लेटिंगवाल्याला विचारून द्या. बोळे जाळू नका, धुरातून सेलेनियम नाकात जातं. पिशवीत बंद करून डब्यासोबतच द्या.

---

निळी_नळी

हे सगळं करून किती दिवस टिकेल?

---

कानसवाला

नळीचा दिसणारा भाग, हात न लागणारा: तेल पुसत राहिलात तर बरंच. जिथे नळी मोडताना मुठीत धरता तिथे काही महिन्यांत फिकट होणार. थर पातळ आहे, सच्छिद्र आहे, गंज अडवायचं काम तेल करतं, रंग नव्हे. मेणाचा हात दिला तर घामाला थोडा जास्त अटकाव होतो. नळीच्या मधेच एक ठिगळ मारून मूळ ब्लूइंगशी जुळवायला जाऊ नका. घरात जुळल्यासारखं वाटतं, उन्हात नेलं की ठिगळ वेगळं दिसतं. कारखान्याचा काळा आणि हा काळा एक नाही.

टिकाऊ हवं असेल तर गंजवून करायचं ब्लूइंग. नळीवर औषध लावून मुद्दाम बारीक लाल गंज धरवायचा, मग डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळायची. लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो. मऊ बारीक तारेच्या ब्रशने सैल भाग काढायचा, आणि हेच सहा-सात वेळा. तो लोखंडाचाच ऑक्साइड, कितीतरी जास्त चिवट. पण आपल्या उन्हाळी हवेत गंज धरायलाच ओल नसते, पेटीत ओला टॉवेल टांगून नळी आत ठेवावी लागते. वेळ आहे का, ते बघा.

कॉस्टिकचं गरम ब्लूइंग घरी नकोच. १४० अंशांचं कॉस्टिक, त्यात पाण्याचा थेंब पडला की उसळून अंगावर येतं.

---

दुपारचं_ऊन

गॅसवर तापवून तेलात बुडवतात ते?

---

चिंचोली_लेथ

स्क्रू-वॉशरला ठीक. नळीला नाही. ३०० अंशांच्या आसपास लोखंड निळं दिसतं खरं, पण ज्योत एका बाजूने लागते, नळी वाकते. कुठे डाख असेल तर निसटतो. स्प्रिंगला तर ज्योत दाखवूसुद्धा नका, तिचा ताव उतरतो.

---

निळी_नळी

व्हिनेगर, ४०० चा पेपर, साबण, ॲसिटोन, पाण्याचा पडदा दुसऱ्या खेपेला अखंड. चार हात. लाल कुठेच नाही, ओघळ नाहीत. रंग निळसर काळा, एकसारखा. सहा दिवसांनी मात्र माशीच्या खाचेजवळ तपकिरी धूळ आलीय, पुसली तर दोन दिवसांनी पुन्हा.

---

प्लेटिंग_अण्णा

खाचेत औषध अडकलंय, सोडा आत पोचला नाही. माशी काढा, दात घासायच्या जुन्या ब्रशने सोड्याचं गरम पाणी खाचेत चोळा, उकळतं डिस्टिल्ड, यंत्राने वाळवा. तेलात भिजवलेलं स्टील वूल तपकिरीवरून हलकं फिरवा, काळ्याला धक्का लागत नाही. मग तेल, आणि आठवडाभर रोज एकदा पुसून पुन्हा तेल. स्क्रूच्या भोकातही बघा, तिथेही असणार.

पिस्तूल चामड्याच्या पाकिटात ठेवत असाल तर बाहेर काढा. कमावलेल्या चामड्यातलं आम्ल आणि ओल नवा रंग खाते. फोमची पेटीही पावसाळ्यात बंद ठेवू नका.

---

निळी_नळी

दोन्ही भोकांत होतं. साफ केलं. बाटलीत ७० मिलीच्या वर शिल्लक आहे, ती टिकते का?

---

प्लेटिंग_अण्णा

वापरलेलं परत ओतलं नसेल तर टिकते. एकदा झाकणात काढलेलं परत गेलं की त्यासोबत लोखंड जातं आणि तळाशी गाळ बसायला लागतो. झाकण घट्ट, मूळ बाटलीतच, कुलपात. पाण्याच्या बाटलीत काढून ठेवायची नाही.